पाणीपाळीची यादी आणि चुकांची वही

आमच्या यवतमाळच्या कार्यालयात चुकांची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं लांब रजिस्टर. सध्या सहावं चालू आहे. वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात रोज सकाळी आदल्या दिवशीचा अंक वाचायचा, चूक दिसली की लाल पेनाने गोल करायचा आणि ज्याची चूक असेल त्याने ती वहीत लिहायची, असा रिवाज. तारीख, पान, चूक, सही. नियम तीन. आपली चूक आपणच लिहायची, दुसऱ्याची नाही. कारण लिहायचं नाही. आणि पान फाडायचं नाही.

हा रिवाज आमच्या ज्येष्ठ उपसंपादकांनी सुरू केला, तेव्हा ते चाळिशीत होते. आता ते त्रेसष्ट वर्षांचे आहेत, वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर काम करतात आणि कार्यालयात त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांचं गाव केळापूरकडचं. बातमीत प्रमाण मराठीचा एक काना चुकू देत नाहीत, आणि बोलतात मात्र शुद्ध वऱ्हाडी.

गेल्या हिवाळ्यात या वहीवरून आमच्या एका वार्ताहर मुलीची नोकरी जाण्याची वेळ आली होती. कार्यालयाची प्रमुख मी होते, त्यामुळे वही मुख्य कार्यालयाला पाठवायची की नाही हे मला ठरवायचं होतं.

आम्ही चौघं होतो. काका. पानं लावणारा डिझायनर, वय चव्वेचाळीस, ज्याला सगळे भाऊ म्हणतात. ही मुलगी, वय चोवीस, ढाणकीजवळच्या एका शेतकरी घरातली. घरी कोरडवाहू सोयाबीन आणि तूर. तिला येऊन सात महिने झाले होते, कायम होण्याआधीचा उमेदवारीचा काळ आठ महिन्यांचा. आणि मी, एक्कावन्न. माझ्या माहेरी तीन पिढ्या कचेऱ्यांत नोकऱ्या करत आल्या आहेत. कागद वरच्या टेबलावर वेळेत गेला पाहिजे, एवढं मला लहानपणापासून कळतं.

चौघांत पहिल्यापासून कुरबुर होती. मुलगी सगळं फोनवर करायची, बातमी फोनवर लिहायची, फोनवरच तपासायची. काका प्रिंट काढल्याशिवाय वाचत नसत.

"हे पोरगी पेपर वाचत नाही, पाह्यते," काका मला ऐकवायचे, ती ऐकेल इतक्या मोठ्याने.

"आणि काका मेसेज वाचत नाहीत, फॉरवर्ड करतात," ती फोनमधून मान वर न काढता म्हणायची.

भाऊ दोघांमध्ये पडत नसे. त्याला दोघंही पानावर जागा खाणारे वाटत.

वहीवरून वाद पहिल्याच आठवड्यात झाला. सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःची चूक लिहायची, हे मुलीला विचित्र वाटलं. तिने सुचवलं की संगणकावर एक तक्ता करू, प्रत्येकाने आपापल्या जागेवरून भरावा.

"कम्प्युटरवर खोडलं तं काही उरत नाही," काका म्हणाले. "वहीत खोडलं तं दिसते. मले तेच पाह्यजे."

ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने पहिली नोंद केली. नंतर नियमाने करत गेली. चूक कोणी दाखवायची वाट पाहायची नाही. स्वतःच सकाळी शोधायची आणि लिहून टाकायची. सात महिन्यांत तिच्या एकोणीस नोंदी झाल्या. त्याच काळात काकांच्या दोन होत्या. भाऊच्या आठ वर्षांत एकूण तीन. त्याचं म्हणणं असं की डिझाइनची चूक दिसतेच कुठे. माझी एकही नव्हती. प्रमुखाने वहीत लिहायचं नाही असा नियम नव्हता. पण कोणी लिहिलं नव्हतं, आणि मीही लिहिलं नाही.

एकोणिसावी नोंद पाणीपाळीची.

उमरखेड तालुक्यातल्या एका कालव्याला रब्बीचं पहिलं पाणी सुटणार होतं. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी पाणी, याचं वेळापत्रक सोळा गावांचं होतं. ते आमच्याकडे आलं ते मोबाइलवर काढलेल्या तिरप्या फोटोच्या रूपात. मुलीने ते संगणकावर टाइप केलं. एका रकान्यात गावं, दुसऱ्यात तारखा. मग यादी नीट दिसावी म्हणून तिने गावं अकारविल्हे लावली. संगणकावर हे एका बटणाचं काम आहे. फक्त तिने एकच रकाना निवडला होता. गावं हलली, तारखा जागेवर राहिल्या. संगणकाने मध्येच काहीतरी विचारलं होतं, असं तिने नंतर सांगितलं. तिने ते न वाचता होकार दिला.

कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांना आधी पाणी देतात, धरणाजवळच्या गावांना शेवटी. नाहीतर वरचे लोक पाणी उचलतात आणि खाली काही पोचत नाही. छापलेल्या यादीत टोकाचं गाव सर्वांत शेवटी गेलं होतं. त्या गावच्या माणसाने आमच्या अंकावर विश्वास ठेवला असता, तर त्याची पाळी निघून गेल्यावर तो शेतात पोचला असता. हरभऱ्याचं पहिलं पाणी चुकलं असतं.

ही यादी काकांनी वाचली होती. "चांगली लावली," असंही म्हणाले होते, आणि ते फार कमी वेळा म्हणतात. भाऊने रकाने सरळ केले होते. मी पान पाहून छपाईला सोडलं होतं. मी मथळा पाहिला आणि अधिकाऱ्याच्या पदाचा उल्लेख बरोबर आहे का ते पाहिलं.

अंक गुरुवारी निघाला. सकाळी साडेआठला माझ्या फोनवर टोकाच्या गावाहून एका शेतकऱ्याचा फोन आला.

"मॅडम, आमचं गाव शेवटच्या टोकावर हाये. आमाले पयलं पाणी भेटते. पेपरात शेवटचं काहून लिवलं? पाळी बदलली का?"

पाळी बदलली नव्हती. मी त्याला तसं सांगितलं, माफी मागितली आणि शनिवारी हजर राहायला सांगितलं.

"मी राहीन. मी पाटकऱ्याले विचारून घेतलं होतं," तो म्हणाला. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा माणूस. "बाकीच्यायचं काय?"

मी पाटबंधारे कचेरीला फोन लावत राहिले.

दुपारी बाराला तिथून उत्तर मिळालं. कालव्यातली झुडपं आणि गाळ काढायचं काम अर्धंच झालं होतं, म्हणून पाणी चार दिवस पुढे ढकललं होतं. शनिवारऐवजी बुधवार. सगळ्याच तारखा बदलणार होत्या. या कचेरीने केलेल्या उशिराबद्दल मी त्यापूर्वी अनेक बातम्या छापल्या आहेत. त्या दिवशी तो उशीर ऐकून मी खुर्चीत मागे टेकले आणि दोन मिनिटं काही केलं नाही. शुक्रवारच्या अंकात नव्या तारखांची यादी वरच्या भागात, चौकटीत छापली. आदल्या दिवशीच्या चुकीबद्दल खाली दोन ओळी. मुलीने सोळा गावांपैकी प्रत्येक गावात कोणाला तरी फोन करून यादी वाचून दाखवली. याला तिला पावणेतीन तास लागले. मग उठून तिने वहीत लिहिलं: पान चार, पाणीपाळीची यादी, सर्व तारखा चुकल्या. सही.

मला वाटलं, प्रकरण मिटलं.

सोमवारी मुख्य कार्यालयातून फोन आला. तिथे मनुष्यबळ विभागात नवा अधिकारी आला होता, तिशीतला, अतिशय सभ्य बोलणारा. पाणीपाळीच्या कात्रणाचा फोटो त्याच्यापर्यंत पोचला होता.

"मॅडम, तुमच्याकडे चुकांची नोंद ठेवतात असं कळलं. चांगली पद्धत आहे. सहा-सात महिन्यांची पानं पाठवू शकाल? गुरुवारी दुपारपर्यंत. त्या वार्ताहराला कायम करायचं की नाही, हे या महिन्यातच ठरवायचं आहे."

"त्या नोंदींवरून ठरवणार?"

"त्यासुद्धा पाहू. आकडा समोर असला की निर्णय सोपा होतो."

मी होकार दिला. फोन ठेवल्यावर वही उघडली. गेल्या सात महिन्यांत एकूण बावीस नोंदी होत्या. एकोणीस तिच्या, दोन काकांच्या, एक भाऊची. अनोळखी माणसाने ही पानं पाहिली तर त्याला एकच अर्थ लागला असता. प्रत्यक्षात, रोज सकाळी अंक नीट वाचणारी ती एकटीच उरली होती, एवढाच त्याचा अर्थ होता. पण कारण लिहायचं नाही, हा नियम. वहीत तो अर्थ कुठेच लिहिलेला नव्हता.

वही नाही असं सांगणं शक्य होतं. ते खोटं ठरलं असतं. सोबत स्पष्टीकरणाचं पत्र जोडता आलं असतं. अशी पत्रं मी पाहिली आहेत; ती वाचली जात नाहीत.

चार वाजताच्या बैठकीत मी तिघांना सरळ सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण वही सगळ्यांची होती.

मुलगी म्हणाली, "एकोणीस आहेत. मी मोजल्यात." मग वहीकडे पाहत, "न लिहिल्या असत्या तर?"

भाऊ नखं पाहत होता. काकांनी टोपण लावलेला पेन खिशात ठेवला, परत काढला.

"म्हणजे लिहायचंच नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी घरी काय सांगू? बाबा म्हणतील, तुले कोनं सांगितलं होतं लिवाले?"

"मी सांगितलं होतं," काका म्हणाले, आणि उठून गेले.

काका रोज दोन वाजता येतात. मंगळवारी ते दहाला आले. जुन्या अंकांच्या फायली ठेवलेल्या खोलीत गेले, खिडकीजवळचं टेबल पुसलं, आणि गेल्या सात महिन्यांच्या फायली उतरवून बसले. मला वाटलं, रागावले आहेत. जेवायला उठले नाहीत तेव्हा मी भाऊला पाठवलं. तो दहा मिनिटांनी परत आला.

"काय करतायत?"

"पेपर वाचून राह्यलेत. लाल पेन घेऊन."

"कोणता?"

"सगळेच."

चारच्या सुमारास भाऊही आत गेला आणि दार लोटून घेतलं.

बुधवारी सकाळी काकांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. एकोणिसाव्या नोंदीनंतर पाच पानं भरली होती. अक्षर त्यांचं, सुबक, थोडं डावीकडे झुकलेलं. वर लिहिलं होतं: मागाहून केलेल्या नोंदी. मग नोंद केल्याची तारीख, आणि पुढे ती चूक छापून आल्याची तारीख. लपवाछपवी नव्हती. एकतीस नोंदी. एकाच आठवड्यात एकच छायाचित्र दोनदा. पांढरकवड्याच्या बातमीला राळेगावचा मथळा. झरी जामणीकडच्या एका जत्रेचा वार चुकीचा. निवड झालेल्या सरपंचबाईंचं आडनाव माहेरचं. सगळ्या छापून आलेल्या, सगळ्या त्यांच्या हातून गेलेल्या, आणि तेव्हा कोणाच्याही लक्षात न आलेल्या. शेवटची नोंद अशी होती: पाणीपाळीची यादी वाचली. शुद्धलेखन पाहिलं. पाणी पाहिलं नाही. सही.

"काका, या नोंदी आत्ता?"

"तवा दिसल्या नव्हत्या. आता चष्मा लावून पाह्यलं तं दिसल्या."

"मुदतवाढीचा कागद मार्चमध्ये जातो तुमचा."

"मॅडम, मी त्रेसष्टचा हावो. त्यायले मी चुकतो हे पत्र पाठवून कळवा लागते का?"

त्याखाली भाऊच्या नऊ होत्या. "दिसत नाहीत म्हटलं होतं ना मी," तो म्हणाला. "दिसल्या." पाणीपाळीची त्यानेही लिहिली होती: रकाने सरळ केले, ओळी जुळवल्या नाहीत.

मुलगी आली तेव्हा मी वही तिच्यापुढे सरकवली. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं. तिने बसून पाचही पानं वाचली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, आणि मग काकांकडे पाहिलं.

"काका, ही जत्रेची तुमची नाही. माझी आहे. झरीचा फोन मी घेतला होता. वार मी लिहिला."

"मी वाचली ना."

"वाचणाऱ्याची चूक वेगळी, लिहिणाऱ्याची वेगळी. तुम्हीच शिकवलं."

"बेटा, एक कमी धर न. काय बिघडते?"

"नाही धरणार. नियम तुमचा आहे."

"आता मले नियम शिकवते हे," काका भाऊला म्हणाले.

"सरपंचबाईंची पण तिचीच आहे," भाऊ म्हणाला.

"ती, भाऊ, तुमची आहे," मुलगी म्हणाली. "मी सुधारून दिलं होतं. तुम्ही जुनी फाइल लावली. मेसेज आहे माझ्याकडे." तिने फोन काढून तो दाखवलासुद्धा.

भाऊने फोन हातात घेतला, पाहिला, परत दिला आणि वही ओढली. "द्या इकडे. दहा करा माझ्या."

अर्धा तास हे चाललं. तिघं एका वहीवर वाकलेले, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातून आपली चूक काढून घेत होता. मी इतक्या बैठका घेतल्या, जबाबदारीवर बोलले, पानांची वाटणी करून दिली; त्यातल्या कशानेही हे तिघं एका टेबलाभोवती आले नव्हते. शेवटी तिच्या एकवीस झाल्या. दोन वाढल्या.

मग वही माझ्यासमोर होती. मी पेन उघडला. मी लिहिलं: पान चार, पाणीपाळीची यादी. मथळा आणि पदनाम पाहून पान सोडलं. सही. या कार्यालयात प्रमुख झाल्यापासून माझी पहिली. काकांनी वाकून वाचलं.

"ऱ्हस्व-दीर्घ बरोबर हाये," म्हणाले.

पानांचे फोटो मुलीने फोनवर काढले. कडा सरळ केल्या, सावल्या काढल्या, सगळं एका फाइलमध्ये बांधलं. काकांनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. गुरुवारी अकराला मी फाइल पाठवली. पत्र जोडलं नाही.

त्यानंतर पाच दिवस काही आलं नाही. त्या काळात मी रोज सकाळी आधी मेल पाहत होते आणि मग चहा घेत होते. मुलगी कामावर येत होती. तिने कोणाला काही विचारलं नाही. एकदा फक्त मला म्हणाली, "मॅडम, नाही झालं तर मला लवकर सांगा. घरी जाऊन सांगायला मला दोन दिवस लागतील." ढाणकी दोन दिवसांच्या अंतरावर नाही. मी समजले.

मंगळवारी त्या अधिकाऱ्याचा फोन आला.

"मॅडम, वही पाहिली. यातून नेमकं कोणाचं काय समजायचं?"

"सगळ्यांच्या सह्या आहेत."

"ते दिसलं. एका चुकीवर चार सह्या आहेत. तुमचीसुद्धा. मी सगळ्याच कार्यालयांकडे ही माहिती मागवली होती. दोन ठिकाणांहून लिहून आलं, चुका शून्य."

"बरं."

"मी ते अंक इथे बसून वाचले. शून्य नाहीत. आधी त्यांच्याकडे जाऊन येतो. तुमच्या वार्ताहराचा कागद आज निघेल. कायम."

मी फोन ठेवला तेव्हा दारात तिघं उभी नव्हती. तिघंही आपापल्या जागेवर होती आणि अजिबात काम करत नव्हती. मी फक्त मान हलवली. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. भाऊ पानाकडे वळला. मुलगी उठून बाहेरच्या जिन्यावर गेली. वडिलांशी बोलतानाचा तिचा आवाज आत येत होता. शब्द कळत नव्हते. ती एकदा हसली, तेवढं कळलं.

मलाही हलकं वाटलं. त्यात तिची नोकरी टिकली हा भाग होताच. पण खोटं न बोलता टिकली, हा मोठा भाग होता. वही नाही असं सांगायचं ठरवण्याच्या मी किती जवळ गेले होते, ते मला एकटीला माहीत होतं.

काकांना मार्चमध्ये मुदतवाढ मिळाली, नेहमीसारखी, एका ओळीच्या पत्राने.

त्याआधी दुसऱ्या पाणीपाळीची यादी आली. पुन्हा तिरपा फोटो, पुन्हा सोळा गावं. मुलीने टाइप केली, प्रिंट काढली आणि काकांच्या टेबलावर ठेवली. मग पाटकऱ्याला फोन लावला, आवाज मोठा केला आणि टोकाच्या गावापासून धरणाकडे एकेक गाव, एकेक तारीख वाचत गेली. पाटकरी प्रत्येक गावाला "हौ" म्हणत होता. काका प्रिंटवर बोट ठेवून ऐकत होते. भाऊ पडद्यावर ओळी जुळवत होता. मी दारात उभी होते.

सोळावा "हौ" झाला.

"पाणी पाह्यलं का?" काकांनी विचारलं.

"पाहिलं," ती म्हणाली. "आता तुम्ही शुद्धलेखन पाहा."